बॅरिस्टर बाबासाहेब आणि आपले खानदेश

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या विद्यालयातील पाचवीच्या मुलालाही ठाऊक असते. १८९१ साली महू येथे झालेला जन्म, शाळेत बसण्यासाठी घरून न्यावे लागणारे गोणपाट, कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा. हे सारे दरवर्षी १४ एप्रिलला व्यासपीठावरून सांगितले जाते व सांगितले जावे. या स्मरणिकेसाठी आम्ही मात्र त्या चरित्रातील एक निराळा धागा निवडला आहे, तो म्हणजे त्यांची वकिली. ज्याच्या हाती पैसा नाही आणि ज्याच्या बाजूने गावात साक्ष देण्यास कोणी धजत नाही, अशा माणसाने न्यायालयाची पायरी चढताना वकील कोठून आणावा, हा प्रश्न आमच्या अनेक पालकांना आजही पडतो. बाबासाहेबांनी तो प्रश्न दोन्ही बाजूंनी अनुभवला होता. ते पीडितांचे वकील होते आणि एका दीर्घ दाव्यात स्वतः प्रतिवादीही होते.

लंडनच्या ग्रेज इन या संस्थेतून बाबासाहेब १९२२ साली बॅरिस्टर झाले आणि १९२३ च्या एप्रिल महिन्यात मायदेशी परतले. सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. ते त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांची वकिली सुरू झाली. तेथील मूळ शाखेत अशील थेट बॅरिस्टरकडे जात नसे. तो सॉलिसिटरकडे जाई आणि बॅरिस्टर कोण नेमावयाचा हे सॉलिसिटर ठरवी. अस्पृश्य समाजातील बॅरिस्टरला काम देण्यास या पेढ्या राजी नव्हत्या. म्हणून बाबासाहेबांनी अपील शाखेत काम करण्याचे ठरविले, कारण तेथे जिल्ह्याजिल्ह्यांतून अपिले येत आणि गावाकडच्या वकिलाला आपल्या पसंतीच्या माणसाकडे कागद सोपविता येत. उत्पन्न तुटपुंजे होते. संसाराला हातभार म्हणून त्यांना बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. पुढे १९२८ साली ते शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ साली त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत दूरदूरच्या गावांतून माणसे येत. ती जमिनीची, वतनाची आणि मारहाणीची गाऱ्हाणी घेऊन येत. ते केवळ आपल्याच समाजाचे वकील होते, असा समज कोणी करून घेऊ नये. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेबद्दल ब्राह्मणेतर चळवळीतील जवळकर, जेधे, बागडे आदींवर खटला झाला, तेव्हा १९२६ साली बाबासाहेबांनी त्यांचा बचाव केला आणि त्यांची सुटका झाली. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ साली कर्व्यांच्या बाजूने तेच उभे राहिले. हा खटला ते हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तरीही आमच्या मते त्यांच्या वकिलीची ओळख करून घेण्यास हा पराभव अनेक विजयांहून अधिक उपयोगी आहे. अशिलाची जात, त्याची लोकप्रियता आणि यशाची शक्यता पाहून वकीलपत्र घेणारा वकील त्या वाटेला गेलाच नसता.

महाडच्या चवदार तळ्याची हकीकत आपण २० मार्च १९२७ या दिवसापाशी संपवितो. न्यायालयातील हकीकत त्यानंतर सुरू होते. सत्याग्रहाचा दुसरा टप्पा डिसेंबरमध्ये ठरला होता. तत्पूर्वी, १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा दाखल केला. तळे आपले खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्यावर न येण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असा तो दावा होता. दोनच दिवसांत न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरला हजारो माणसे महाडात जमली, तेव्हा हा हुकूम लागू होता. तुरुंगात जाण्याच्या तयारीने आलेल्या त्या समुदायापुढे बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा विचार मांडला. तो सहजासहजी पटण्यासारखा नव्हता, पण अखेर मान्य झाला. लोक तळ्याला वळसा घालून मिरवणुकीने गेले आणि पाण्याला कोणी हात लावला नाही. स्वतः कायदा जाणणाऱ्या नेत्याचा तो निर्णय होता. न्यायालयाचा हुकूम आपण मोडला, तर उद्या आपल्या बाजूने लागणारा हुकूम प्रतिपक्षाने का पाळावा?

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो मनाईहुकूम उठला, परंतु मूळ दावा चालूच राहिला. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ साली बाबासाहेबांच्या बाजूने लागला. प्रतिपक्षाने ठाण्याला अपील केले, ते १९३३ साली फेटाळले गेले. मग प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नव्हते. ओंजळभर पाण्याचा हा दावा सव्वानऊ वर्षे चालला. या काळात बाबासाहेब गोलमेज परिषदांना जाऊन आले, पुणे करार झाला, स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, आणि महाडच्या दाव्याच्या तारखा पडतच राहिल्या. आपल्या प्रकरणाला दोन वर्षे झाली म्हणून खचून जाणाऱ्या बांधवांना आम्ही या तारखा आवर्जून सांगतो.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. अस्पृश्य व आदिवासी यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ च्या अखेरीस स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. एका सहकाऱ्यासह खानदेशच्या दोन जिल्ह्यांची पाहणी त्यांच्याकडे आली. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये हे काम उरकून ते मुंबईकडे निघाले आणि चाळीसगावला उतरले. धुळ्याच्या फाट्यावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता. त्याची प्रत्यक्ष माहिती त्यांना घ्यावयाची होती. चाळीसगावच्या बांधवांनी रात्री आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला. तो मानून ते धुळ्याच्या गाडीने त्या गावी गेले, चौकशी केली आणि परतीच्या गाडीने चाळीसगावला आले.

स्थानकापासून महारवाडा फार तर दोन फर्लांगांवर होता. तरीही पाहुण्यांना तेथे बराच वेळ थांबावे लागले. नंतर टांगा आला आणि थोड्याच अंतरावर एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. हाकणाऱ्याला घोडा हाकण्याची सवय नव्हती. पुढे नदीवरच्या फरशीला कठडे नव्हते, कडेला अंतराअंतराने दगड रोवलेले होते. वळणावर चाक दगडाला अडले. बाबासाहेब फेकले जाऊन फरशीवर पडले आणि घोडा व टांगा खाली पात्रात गेले. त्यांच्या पायाचे हाड मोडले, शरीर ठेचकाळले आणि ते बेशुद्ध झाले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत त्यांना अंथरुणावर राहावे लागले.

विलंबाचे कारण त्यांना मागाहून कळले. गावातील एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून नेण्यास तयार नव्हता. आपला पाहुणा पायी चालत येणे महारवाड्याला आपल्या मानाला साजेसे वाटेना. म्हणून मधला मार्ग निघाला. टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यावा, पण तो स्वतः हाकणार नाही. त्याचा विचार एवढाच होता की, महार बॅरिस्टर झाला तरी आपण त्याच्याहून वरचे. सन्मान जपण्याच्या धडपडीत आपल्याच माणसांच्या हातून पाहुण्याचा जीव धोक्यात आला. बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला. उच्च न्यायालयात युक्तिवाद करण्याची सनद असलेल्या माणसाला चाळीसगावात दोन फर्लांगांचा टांगा मिळत नव्हता. ज्यांना अशी कोणतीही सनद नव्हती, त्यांचे काय होत असेल, हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारण्याची गरज त्या काळी नव्हती.

या घटनेनंतर आठ वर्षांच्या आत बाबासाहेब धुळ्यास पुन्हा आले, ते न्यायालयीन कामासाठी. ३१ जुलै १९३७ ही त्या भेटीची तारीख. महाडच्या अंतिम निकालाला तेव्हा साडेचार महिने झाले होते आणि ते मुंबई विधानसभेचे सदस्यही होते. लळिंग किल्ल्याच्या परिसरातील लांडोर बंगल्यात त्यांचे वास्तव्य झाले. त्याची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते आणि मुंबई-आग्रा महामार्ग त्या दिवशी निळ्या झेंड्यांनी भरून जातो. या यात्रेला आपल्यापैकी बहुतेक जण गेलेले आहेत. बाबासाहेब तेथे आले ते वकील म्हणून, हे मात्र गर्दीत बरेचदा विसरले जाते.

घटना समितीत मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून काम करतानाही त्यांच्यातील वकील जागा होता. अटकेबाबतची संरक्षणे मूळ मसुद्यात पुरेशी नाहीत, ही टीका त्यांनी मान्य केली आणि सप्टेंबर १९४९ मध्ये नवे कलम मांडले. तेच आजचे अनुच्छेद २२. अटक झालेल्या व्यक्तीला अटकेची कारणे कळविली पाहिजेत, तिला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला व बचाव तिला नाकारता येणार नाही, असे ते सांगते. ‘आपल्या पसंतीचा’ या शब्दांचे मोल ज्याला सॉलिसिटरांच्या पेढ्यांनी दारातून परत पाठविले, त्याच्याइतके कोणाला कळणार?

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या मागे झालेल्या कायद्यांनी वकील मिळण्याची वाट पुष्कळ रुंद केली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच स्त्रिया व बालके यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठीचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटला सरकारच्या वतीने विशेष सरकारी वकील चालवितो. याशिवाय, १९९५ च्या नियमांतील नियम ४ प्रमाणे, पीडिताची इच्छा असल्यास जिल्हाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकिलाची नेमणूक करू शकतात आणि त्याचे मानधन शासन देते. ही तरतूद माहीत नसल्यामुळे ती मागितलीच जात नाही, असे आमच्या पाहण्यात वारंवार आले आहे. अर्ज साध्या कागदावर, मराठीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहावा, त्यात गुन्ह्याचा क्रमांक व पोलीस ठाणे नमूद करावे, आणि आवक शिक्का मारलेली प्रत आपल्यापाशी ठेवावी.