साष्टीचे फादर स्टीफन्स

इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुशटन या खेड्यांत, इ. स. १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. त्या काळीं कॅथोलिकांस स्वदेशीं राहणें कठीण झालें होतें. म्हणून ते रोम येथें गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघालेलें त्यांचें गलबत ऑक्टोबरांत गोव्यास लागलें. पुढें चाळीस वर्षें ते तेथेंच राहिले.

ज्या साष्टी प्रांतांत त्यांचें आयुष्य गेलें तेथील देवळें १५६७ सालीं पाडण्यांत आलीं होतीं. लोकांच्या मनांतील जखम ओली होती. १५८३ सालीं कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं पांच येशूसंघीयांस ठार केलें. स्टीफन्स यांनीं ही शोकवार्ता पत्रानें आपल्या भावास कळविली. आश्चर्य असें कीं, त्याच पत्रांत येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचें त्यांनीं नमूद केलें आहे. सर विल्यम जोन्स यांनीं हाच विचार विद्वानांपुढें मांडला तो १७८६ सालीं! ज्यांनीं आपले सोबती मारले त्यांच्याच बोलीचें सौंदर्य त्याच वर्षीं दिसावें, ही गोष्ट सामान्य नव्हे.

नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें हिरावलीं गेलीं होतीं. आतां फावल्या वेळीं वाचावें काय? स्टीफन्स यांच्या काव्यांत श्रोत्यांपैकीं एकजण हेंच गाऱ्हाणें पाद्रीपुढें मांडतो. बंदी घालणाऱ्यांच्याच पक्षांतील कवीनें तें आपल्या ग्रंथांत येऊं दिलें, याचें मला फार मोल वाटतें. उत्तर म्हणून सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें; अक्षरें मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे तेथें नव्हते.

स्टीफन्स यांनीं आपलें मत सोडलें नाहीं. येथील देव त्यांस अखेरपर्यंत मिथ्याच वाटले. परंतु ज्या ओवींत ज्ञानेश्वर व एकनाथ बोलले तीच त्यांनीं स्वीकारली, मराठीची मनापासून थोरवी गाइली, आणि ख्रिस्ती स्वर्गास 'वैकुंठ' म्हटलें. बेथलेहेम कोठें आहे हें ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याच्या कानीं ती दूरदेशींची कथा आजीच्या तोंडच्या चालीवर पडूं लागली. कथा परकी आणि चाल मात्र घरची!

१६१९ सालीं स्टीफन्स गोव्यांत निवर्तले. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारानें देशी बोलीच मोडून काढण्याचा हुकूम काढला, तरी पुराण टिकलें. पहिल्या छापाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. गोवा सोडून कानड्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं, व त्यांवरून १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळूर येथें तें पुन्हां छापविलें. लंडन येथें त्याची एक देवनागरी पोथीही आहे. तींत कित्येक पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आढळतात.