थॉमस एडिसन आणि त्याचे कान

बालमित्रांनो, विजेचा दिवा म्हटले की आपल्याला थॉमस अल्वा एडिसन आठवतो. पण या थोर संशोधकाला नीट ऐकू येत नव्हते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेत, ओहायो राज्यातील मिलान या गावी झाला. सात भावंडांत तो शेंडेफळ. घरचे त्याला अल म्हणत. शाळेत तो जेमतेम काही महिने गेला. मास्तरांना तो मंद वाटला. पण त्याची आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला शाळेतून काढले आणि घरीच शिकवले.

बाराव्या वर्षी अल आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. त्याच सुमारास त्याला कमी ऐकू येऊ लागले. गाडीत चढताना कोणीतरी आपल्याला कान धरून वर ओढले, असे तो पुढे सांगत असे. पण लहानपणी आलेला स्कार्लेट ताप आणि पुन्हा पुन्हा फुटलेले कान हेच खरे कारण असावे, असे जाणकार मानतात.

कान फुटतो कसा? नाकाच्या मागून कानाच्या आत एक बारीक नळी जाते. लहान मुलांची नळी आखूड असते. सर्दी झाली की जंतू तिच्यातून कानात शिरतात. पडद्यामागे पू साठतो, कान ठणकतो, मग पडदा फाटून कान वाहू लागतो. असे वरचेवर झाले तर ऐकू कमी येते. अलच्या लहानपणी यावर औषध नव्हते. पेनिसिलीनचा शोध १९२८ साली लागला, तेव्हा एडिसन ८१ वर्षांचा म्हातारा होता!

एडिसन खचला नाही. तो तारयंत्र शिकला. १८७७ साली त्याने आवाज साठवणारा फोनोग्राफ बनवला. यंत्राच्या लाकडाला दात लावून तो संगीत ऐकायचा. १८७९ साली त्याने बराच वेळ जळणारा विजेचा दिवा तयार केला. अमेरिकेत त्याला १०९३ पेटंटे मिळाली. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी तो वारला.

मित्रांनो, अलला जे औषध मिळाले नाही ते आज आपल्याला मिळते. कान ठणकला किंवा वाहू लागला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. डॉक्टरांनी दिलेले औषध बरे वाटले तरी मध्येच सोडू नये. कानात गरम तेल, पाल्याचा रस, काडी, पिन काहीही घालू नये. फुटलेला कान कोरडा ठेवावा. डोक्यावरून आंघोळ करताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात बसवावा. विहिरीत पोहू नये. कानामागे सूज, जोराचा ताप, चक्कर किंवा तोंड वाकडे झाले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. आणि कोणाच्या कानशिलात मारू नये, त्यानेही पडदा फाटतो.

पालकांनाही एक विनंती. मूल सारखे काय-काय म्हणून विचारते, हाक मारली तरी वळत नाही, रेडिओ मोठा लावते, तर त्याला लगेच ढ म्हणू नका. आधी त्याचे कान तपासून घ्या. वर्गात त्याला पहिल्या रांगेत बसू द्या. अलच्या आईने मुलाला मंद मानले नाही, म्हणून जगाला एडिसन मिळाला.

— इयत्ता सातवी