जोतिबांच्या आजारपणातल्या सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले म्हटलं, की आपल्याला आठवते ती १८४८ सालची पुण्याच्या भिडे वाड्यातली मुलींची शाळा. अंगावर झेललेलं शेण नि चिखल आठवतो. तीन जानेवारीच्या भाषणात शाळकरी मुली हेच सांगतात, आणि ते सांगायलाच हवं. पण मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, त्यांनी सावित्रीबाईंची आणखी दोन-अडीच वर्षं समजून घ्यावीत. ती वर्षं म्हणजे जुलै १८८८ ते नोव्हेंबर १८९०.

मे १८८८ मध्ये मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात मोठा समारंभ झाला आणि जोतिबांना महात्मा ही पदवी मिळाली. त्यानंतर जेमतेम दोन महिने गेले आणि जोतिबांना अर्धांगवायूचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. लिहिणारा हातच गेला! जोतिबा तेव्हा एकसष्ट वर्षांचे, सावित्रीबाई सत्तावन्न वर्षांच्या. दत्तक मुलगा यशवंत अजून शिकत होता.

उपचार केले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. ते निष्णात शल्यचिकित्सक, शिवाय सत्यशोधक समाजातले जवळचे सहकारी. पण त्या काळी ना सीटी स्कॅन होता, ना गुठळी विरघळवणारं औषध. डॉक्टर औषध देऊन जात. दिवसरात्रीची शुश्रूषा घरच्यांनीच करायची. त्यात पैशांची ओढाताण! पूर्वी जोतिबांचा कंत्राटाचा चांगला व्यवसाय होता, पण मिळालेलं बहुतेक समाजकार्यातच गेलेलं. १८९० साली मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करावी अशी विनंती केली. त्या पत्रात त्यांनी जोतिबांपेक्षाही सावित्रीबाईंची थोरवी अधिक मानली आहे.

या घरानं आजाऱ्याला कोपऱ्यात नाही बसवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उजवा हात चालेना, तेव्हा जोतिबांनी डाव्या हातानं लिहायला घेतलं. अशा अवस्थेत त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केलं. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ साली यशवंतनं प्रसिद्ध केलं. याच आजारपणात, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी, यशवंतचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं लावलं गेलं. म्हणजे घरातलं आजारपण आणि घराचं ध्येय, दोन्ही एकाच छपराखाली नांदत होतं.

आपल्याकडे काय होतं बघा. माया म्हणून आपण आजारी माणसाच्या हातातलं सगळं काढून घेतो. घास भरवतो, हिशेब विचारत नाही, निर्णय परस्पर घेतो. माणूस मग शरीरानं थोडा आणि मनानं जास्त खचतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला जमेल तेवढं करू द्यावं. भाजी निवडू दे, नातवाचा अभ्यास घेऊ दे. वेळ लागेल, सांडलवंडही होईल. होऊ दे.

सावित्रीबाईंना आजारपण स्वतःच्या अंगावरही ठाऊक होतं. १८५६ साली त्या खूप आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. तिथून त्यांनी जोतिबांना पत्र लिहिलं. त्यात भावानं केलेल्या सेवेची कृतज्ञता आहे आणि अस्पृश्यांना शिकवण्यावरून नावं ठेवणाऱ्या त्याच भावाला आपण कसं समजावलं, तेही आहे. अंथरुणावर असतानाही मन कामात कसं राहतं, हे त्यांना अनुभवानं कळलेलं होतं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिबा गेले. आपल्याला मिठात पुरावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. पण राहत्या वस्तीत नगरपालिकेनं परवानगी दिली नाही आणि दहन करावं लागलं. दत्तक मुलानं टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. अशा वेळी बाई कोसळते, आणि चार पुरुष ठरवतील ते होतं. इथे सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हाती घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. आजही बाईनं अग्नी दिला की गावात चार दिवस चर्चा होते. ही गोष्ट तर १८९० ची!

सेवा संपली म्हणून त्यांचं आयुष्य संपलं नाही. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. पुढे पुण्यात प्लेग आला, तेव्हा डॉक्टर झालेल्या यशवंतला त्यांनी बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना काढला. रोग्यांची सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आता आपल्या उपयोगाचं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळू लागलं, तर लकवा म्हणून झाडपाला देणाऱ्याकडे वेळ घालवू नका. तोंडात पाणी, औषध काही घालू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

आणि मदत मागायला लाजू नका. सावित्रीबाईंच्या घरासाठीसुद्धा कुणीतरी बडोद्याला पत्र लिहिलं होतं. जावेला, भावाला, शेजारणीला सांगा, की आठवड्यातून दोन दुपारी येऊन बसा. त्या दोन दुपारी तुम्ही झोपा, बाहेर पडा किंवा आपलं राहिलेलं काम हातात घ्या.