मुसीच्या पुराचा हिशेब मांडणारे विश्वेश्वरय्या

हैदराबादची जुनी मराठी घरं अजूनही १९०८ च्या पुराची आठवण काढतात. २८ सप्टेंबरला मुसी नदी शहरात घुसली. जुना पूल तेवढा टिकला, बाकीचे पूल वाहून गेले. मेलेल्यांचा आकडा १५ हजारांपर्यंत सांगितला जातो, पडलेली घरं १९ हजारांच्या आसपास. अफजलगंजजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे लोक वाचले, असं म्हणतात. ते झाड आज उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आहे.

या पुराचा बंदोबस्त करायला निजाम सरकारने ज्यांना बोलावलं, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा युरोपात फिरत होते. मुंबई इलाख्याच्या नोकरीतून ते नुकतेच बाहेर पडले होते. काम उत्तम असलं तरी चीफ इंजिनिअरची खुर्ची हिंदी माणसाला मिळायची नाही, असे ते दिवस.

माणूस म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. बंगळूरला बी.ए. झाल्यावर संस्थानच्या मदतीने ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. पुढच्याच वर्षी नाशिक-खानदेशात नोकरीला लागले. तेव्हा बेळगाव, धारवाड, विजापूर सगळं मुंबई इलाख्यातच होतं, त्यामुळे आज सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे दोघेही त्यांना आपला म्हणतात. खडकवासल्याला त्यांनी बसवलेली आपोआप उघडणारी दारं प्रसिद्धच आहेत. पाणी ठराविक पातळीला आलं की दार उघडायचं, उतरलं की मिटायचं. एडनला जाऊन तिथल्या पाण्याचा आणि गटारांचा आराखडाही त्यांनी केला.

१९०९ च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादेत आले. लोकांना वाटत होतं, नदीकाठी उंच भिंती बांधल्या की झालं. विश्वेश्वरय्यांनी आधी शहराच्या वरचं पाणलोट तपासलं. पाऊस किती पडला, कुठे पडला, पाणी कुठून किती वेगाने आलं, याचे आकडे गोळा केले. शमशाबादला ४८ तासांत जवळपास १९ इंच पाऊस झाला होता. वरच्या भागात ७८८ तळी होती, त्यातली २२१ फुटली. एक तळं फुटलं की त्याचा लोंढा खालच्या तळ्यावर, आणि असं करत सगळं पाणी एकदम शहरावर. पुराचा जोर त्यांनी सव्वाचार लाख क्युसेक धरला. एवढं पाणी शहरातून सुखरूप काढून देणारी भिंत कुठून आणणार?

म्हणून त्यांनी पाणी वरच अडवायचं ठरवलं. शहराच्या वर मुसीवर एक आणि तिची उपनदी ईसीवर एक, अशी दोन मोठी धरणं सुचवली. त्यात पुराचं पाणी साठवायचं आणि नदीला झेपेल तसं हळूहळू सोडायचं. पहिलं धरण उस्मानसागर १९२० मध्ये झालं, दुसरं हिमायतसागर १९२७ मध्ये. एकाला निजामाचं नाव, दुसऱ्याला त्याच्या मुलाचं. इंजिनिअरचं नाव कुठेच नाही. दोन्ही तलाव पुढे शहराच्या प्यायच्या पाण्याच्याही कामी आले.

शहराच्या आतलं काम मात्र तितकं सोपं नव्हतं. घराघरातली घाण उघड्या नाल्यांत, नाले नदीत; पाऊस आला की तीच घाण परत दारात. विश्वेश्वरय्यांनी नदीकाठ सुधारण्याबरोबर भुयारी गटारांचाही आग्रह धरला. मधल्या काळात ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ ते १९१८ दिवाण राहिले, कृष्णराजसागर उभं केलं. तरी १९२२ मध्ये हैदराबादच्या गटार योजनेसाठी ते पुन्हा आले. गटार म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. दिवाणपद भोगलेल्या या माणसाने ते काम हलकं मानलं नाही.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले, वयाची शंभरी ओलांडून.

त्यांचे तलाव अजून उभे आहेत. त्यांच्या पाणलोटात १० किलोमीटरपर्यंत बांधकामावर बंधनं घालणारा १९९६ चा आदेश तेलंगण सरकारने २०२२ मध्ये मागे घेतला. त्याच्या दोनच वर्षं आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये हिमायतसागरची दारं उघडावी लागली होती, आणि खाली शहरात तळ्यांच्या-नाल्यांच्या जागेवर उठलेल्या वस्त्यांमध्ये पावसाचं नि गटाराचं पाणी एकत्रच शिरलं होतं.