आर्चबिशप थॉमस क्रॅनमर

आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारासाठी इंग्लंडच्या मंडळीत शास्त्रश्रवणाविषयी जी लहानशी प्रार्थना योजिलेली आहे, ती रचणाऱ्या क्रॅनमरचे स्मरण आम्हांस उपवासकाळात विशेष होते.

हा सन १४८९ त जन्मला व १५३३ त कँटरबरीचा आर्चबिशप झाला. त्या काळी उपासना लॅटिन भाषेत चाले. नांगर धरणाऱ्यास तिचा अर्थ कळत नसे. क्रॅनमरने इंग्रजी प्रार्थनापुस्तक सिद्ध केले, आणि १५४९ च्या पन्नासाव्या दिवसाच्या सणापासून ते देवळोदेवळी सुरू झाले. ख्रिस्तजन्म, उपवासकाळ, पुनरुत्थान असे वर्ष फिरे, तशी दर रविवारची प्रार्थनाही फिरे. आणि ती इतकी आटोपशीर, की निरक्षराच्याही मुखी बसावी. सर्वांस ते रुचले असे मात्र नाही. कॉर्नवॉलात बंड झाले. तेथील कित्येकांस इंग्रजीही परकीच होती!

पुढे १५५३ त मेरी राणी गादीवर आली व क्रॅनमर बंदीत पडला. मरणाच्या भयाने त्याने आपले मत सोडल्याच्या लेखांवर एकदा नव्हे, अनेकदा सही केली. ह्या दुर्बळतेवर आम्ही पांघरूण घालीत नाही. तथापि २१ मार्च १५५६ रोजी, उपवासकाळातच, ऑक्सफर्ड येथे भर देवळात त्याने ते लेख नाकारिले, आणि चितेवर उभा असता सही करणारा उजवा हात प्रथम अग्नीत धरिला.