शार्ल निकोल

फ्रान्स देशातील रूआँ या नगरात २१ सप्टेंबर १८६६ रोजी शार्ल निकोल यांचा जन्म झाला. त्यांचे वडील त्या नगरातील नामांकित वैद्य होते. त्यांच्याच पावलावर पाऊल ठेवून शार्ल यांनी वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. परंतु ऐन तारुण्यात त्यांच्यावर एक मोठे संकट कोसळले. त्यांना ऐकू येईनासे होऊ लागले. रोग्याच्या छातीला नळी लावून हृदयाचे ठोके आणि श्वासाचा आवाज ऐकणे हे वैद्याचे नित्याचे काम. तेच ज्याला जमत नाही, त्याने वैद्य कसे व्हावे? दुसरा एखादा निराश होऊन घरी बसला असता. निकोल यांनी मात्र कानांचे काम डोळ्यांवर सोपविले. सूक्ष्मदर्शक यंत्रातून रोगजंतूंचा शोध घेणे हेच आपले जीवितकार्य, असा निश्चय करून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकू लागले.

इ. स. १९०३ मध्ये त्यांनी उत्तर आफ्रिकेतील ट्यूनिस येथील पाश्चर संस्थेची सूत्रे हाती घेतली. त्या वेळी ट्यूनिशियावर फ्रेंचांचा अंमल होता. तेथे प्रलापक ज्वराच्या साथी वारंवार येत आणि त्यांत शेकडो गोरगरीब दगावत. त्याच देशात लहान मुलांना ग्रासणारी आणखी एक व्याधी होती. मुलाला सतत ताप येई, अंग फिकट पडे, हातपाय काड्यांसारखे होत आणि पोटातील प्लीहा, म्हणजे पाणथरी, सुजून पोट नगाऱ्यासारखे दिसे. औषधाने गुण येत नसे. आईच्या डोळ्यांदेखत मूल झिजत जाई आणि बहुधा मरण पावे.

निकोल यांनी अशा मुलांच्या शरीरातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात त्यांना अतिसूक्ष्म परोपजीवी जंतू दिसले. हे जंतू अगदी अपरिचित नव्हते. हिंदुस्थानात ज्याला काळा आजार म्हणतात, त्या रोगाचे जंतू १९०३ मध्येच लीशमन आणि डोनोव्हन या दोन वैद्यांनी उजेडात आणले होते. ट्यूनिशियातील जंतू दिसण्यात तसेच होते. पण येथे एक कोडे होते. हिंदुस्थानात हा रोग थोरामोठ्यांनाही होत असे. ट्यूनिशियात तो मुख्यतः तान्ह्या व लहान मुलांनाच होई, आणि तोही विखुरलेल्या घरांतून, तुरळक. एका रोगी मुलाचा दुसऱ्याशी काहीच संबंध आढळत नसे. मग हे जंतू मधल्या काळात राहत तरी कोठे?

निकोल यांनी सशाचे रक्त मिसळून पोषक खळ तयार केली आणि तीत हे जंतू प्रयोगशाळेत वाढविले. नंतर ते एका कुत्र्याच्या शरीरात टोचले, तेव्हा त्या कुत्र्यालाही तोच रोग जडला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. कुत्र्याला रोग देता येतो, यावरून कुत्र्याला तो आपोआप होतो असे सिद्ध होत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून १९०८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने ट्यूनिसमधील कुत्री तपासण्यास प्रारंभ केला. काही कुत्र्यांच्या शरीरात तेच जंतू सापडले! कोडे उलगडले. घराची राखण करणारा, मुलांबरोबर अंगणात खेळणारा इमानी प्राणीच त्या जंतूंचे वसतिस्थान होता. रोगाने त्याचे केस झडत, कातडीवर व्रण पडत, नखे वाढत आणि तो रोडावत जाई. पुष्कळ कुत्री तर जंतू बाळगूनही वरवर धडधाकट दिसतात, हे पुढे कळून आले.

तथापि, कुत्र्याच्या अंगातून जंतू मुलापर्यंत कोण नेते, हा प्रश्न शिल्लक राहिला. कोणी पिसवांवर संशय घेतला, पण तो खरा ठरला नाही. खरा अपराधी होता वालुमाशी नावाचा इवलासा कीटक. तो डासाहूनही लहान असतो. दिवसा तो भिंतींच्या फटींत, गोठ्यांत व बिळांत दडतो आणि अंधार पडला की बाहेर येऊन रक्त शोषतो. रोगी कुत्र्याला चावताना जंतू माशीच्या पोटात जातात. तेथे ते वाढतात, आणि तीच माशी दुसऱ्या कुत्र्याला किंवा मुलाला चावली की त्याच्या शरीरात शिरतात. १९२१ मध्ये अल्जीरियातील सेर्जां बंधूंनी याच जातीच्या जंतूंमुळे होणारा त्वचेचा रोग वालुमाशी पसरविते, हे दाखविले. काळ्या आजाराचा निर्णायक पुरावा मिळण्यास १९४२ साल उजाडावे लागले, आणि तो मिळाला हिंदुस्थानात. मात्र आपल्या देशात या रोगाचे जंतू कुत्र्यात नव्हे, तर माणसातच वास करतात.

तो दिवस पाहण्यास निकोल हयात नव्हते. दरम्यान त्यांनी दुसरे मोठे कार्य पार पाडले होते. प्रलापक ज्वराचे रोगी रुग्णालयाच्या दारापर्यंत इतरांना रोग देतात, परंतु स्नान घालून कपडे बदलल्यावर देत नाहीत, हे त्यांनी हेरले. त्यावरून अंगावरच्या व कपड्यांतील उवा हा रोग पसरवितात, हे त्यांनी १९०९ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. हे काम जिवावरचे होते. आरंभीच्या एका प्रसंगी त्यांचे दोन सहकारी साथ पाहण्यास गेले, आणि दोघेही त्याच रोगाला बळी पडले. आजारी असल्यामुळे निकोल त्या दिवशी गेले नव्हते. या शोधाबद्दल त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी ट्यूनिसमध्येच त्यांचे देहावसान झाले.

आज भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत आणि ब्राझीलमध्येही कुत्र्यांच्या गळ्यात कीटकनाशक पट्टे बांधतात. त्यामुळे वालुमाशी त्यांच्यापासून दूर राहते आणि कुत्रे व मूल दोघांचेही रक्षण होते. कुत्रा हा या रोगातला वैरी नसून तोही एक रोगीच आहे, ही जाणीव त्या पट्ट्यामागे आहे. ज्याच्या कानांवर आवाज पडत नव्हता, त्या माणसाने डोळसपणे पाहून हा मार्ग दाखविला.