न खाल्लेली साखर

रात्री भात खाल्ला नाही, गोड तर तोंडालाही लावले नाही. तरी सकाळी उपाशीपोटी तपासलेल्या रक्तात साखर वाढलेली निघते. मधुमेह असलेल्या अनेकांना हा अहवाल कोड्यात टाकतो. खाल्लीच नाही, तर साखर आली कुठून? या प्रश्नाचे उत्तर पॅरिसमध्ये पावणेदोनशे वर्षांपूर्वी सापडले. ते शोधणारे क्लोद बेर्नार तरुणपणी नाटककार व्हायला निघाले होते.

बेर्नार यांचा जन्म 12 जुलै 1813 रोजी फ्रान्सच्या बोझोले भागातील सँ-झुलियँ या खेड्यात झाला. हा भाग द्राक्षांचा आणि वाइनचा. वडील द्राक्षमळ्यात राबणारे. घरची परिस्थिती बेताची. गावच्या धर्मगुरूंनी मुलाला लॅटिन शिकवले. पुढे शाळेत भाषा आणि साहित्य शिकायला मिळाले, विज्ञान जवळपास नाहीच. पैशांअभावी शिक्षण थांबले आणि 1832 मध्ये हा मुलगा लियाँ शहराजवळच्या एका औषधी दुकानात उमेदवारी करू लागला.

त्या दुकानात एक जुने, सर्व रोगांवर चालणारे मिश्रण विकले जाई. खराब झालेली, उरलीसुरली औषधे फेकून न देता त्याच मिश्रणात टाकायची, असा मालकाचा शिरस्ता होता. गिऱ्हाइके मात्र ते आवडीने घेत. औषधांवरचा तरुण बेर्नार यांचा विश्वास तिथेच उडाला. रिकाम्या वेळेत ते नाटके लिहीत. त्यांचे एक छोटे विनोदी नाटक लियाँमध्ये रंगमंचावर आले आणि लोकांना आवडले. मग एक पाच अंकी ऐतिहासिक नाटक लिहून, ते बगलेत मारून, 1834 मध्ये त्यांनी पॅरिस गाठले. तिथल्या सँ-मार्क झिरार्दँ या नामवंत समीक्षकाने नाटक वाचले आणि सल्ला दिला, की पोटापाण्यासाठी आधी वैद्यकी शिकावी. लेखन फावल्या वेळात करता येईल.

सल्ला मानला गेला. पण वैद्यकीय महाविद्यालयात बेर्नार यांची चमक कोणाला दिसली नाही. रुग्णालयातील उमेदवारीसाठीच्या परीक्षेत 29 जणांत त्यांचा क्रमांक 26वा आला. नशीब फिरले ते फ्रांस्वा माझांदी यांच्या हाताखाली. माझांदी हे त्या काळचे फटकळ आणि संशयी स्वभावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. पोथीतल्या सिद्धांतांपेक्षा प्रयोगात दिसेल तेच खरे, असा त्यांचा बाणा. या नव्या विद्यार्थ्याचा शस्त्रक्रियेतला हात पाहून त्यांनी 1841 मध्ये त्याला कॉलेज द फ्रान्स या संस्थेतल्या आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले. प्रयोगशाळा म्हणजे एक ओलसर, अंधारी जागा होती.

1843 मध्ये बेर्नार डॉक्टर झाले. पण रुग्ण तपासण्याचा व्यवसाय त्यांनी कधीच केला नाही. पुढच्याच वर्षी अध्यापकपदाच्या परीक्षेत ते नापास झाले. गावी परत जाऊन दवाखाना टाकण्याचा विचार मनात घोळू लागला. 1845 मध्ये त्यांनी पॅरिसमधील एका डॉक्टरांची मुलगी फॅनी मार्तँ हिच्याशी लग्न केले. तिने आणलेल्या हुंड्याच्या आधारावर संशोधन सुरू राहिले. या व्यवहाराची किंमत पुढे दोघांनाही मोजावी लागली.

आहार आणि शरीर यांच्या नात्याचा पहिला मोठा धडा त्यांना सशांनी दिला. 1846 मध्ये बाजारातून आणलेल्या सशांची लघवी स्वच्छ आणि आम्लधर्मी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. गवत खाणाऱ्या सशाची लघवी गढूळ आणि अल्कधर्मी असते. स्वच्छ, आम्लधर्मी लघवी मांसाहारी प्राण्यांची. मग हे ससे मांसाहारी झाले कसे? बेर्नार यांनी तर्क केला, की ते बराच वेळ उपाशी असावेत आणि पोटात काही नसल्याने स्वतःच्याच शरीरातील मांसावर जगत असावेत. सशांना गवत दिले, लघवी गढूळ झाली. पुन्हा उपाशी ठेवले, पुन्हा स्वच्छ झाली. शेवटी त्यांना उकडलेले मांस खाऊ घातले, तेव्हाही ती उपाशी सशांसारखीच स्वच्छ निघाली. उपाशी प्राण्याचे शरीर थांबत नाही, ते साठ्यावर चालते, हे यातून स्पष्ट झाले. मांस खाल्लेल्या याच सशांच्या विच्छेदनात आतड्यातील चरबी कुठून पुढे शोषली जाते हे दिसले आणि स्वादुपिंडाचा रस चरबी पचवतो, हा शोधही हाती लागला.

त्यानंतर ते साखरेकडे वळले. त्या काळी द्युमा आणि बुसँगो या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांचे मत सर्वमान्य होते. वनस्पती साखर, चरबी असे पदार्थ तयार करतात. प्राणी ते फक्त खातात आणि जाळतात, असे ते मत. म्हणजे रक्तात साखर सापडली, तर ती जेवणातूनच आलेली असणार. बेर्नार यांना शोधायचे होते एवढेच, की खाल्लेली साखर शरीरात नेमकी कुठे नाहीशी होते. ती जागा सापडली, तर मधुमेहात ती का नाहीशी होत नाही हेही कळेल, अशी आशा होती.

1848 मध्ये त्यांनी एका कुत्र्याला गोड आणि पिष्टमय आहार दिला. यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर मिळाली. यात नवल नव्हते. पण केवळ शहानिशा म्हणून त्यांनी दुसऱ्या कुत्र्याला नुसते मांस खाऊ घातले. त्याच्या आतड्यात साखरेचा मागमूस नव्हता. यकृतातून निघणाऱ्या रक्तात मात्र ती भरपूर होती. बेर्नार यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा केले, इतर प्राण्यांची यकृते तपासली. निष्कर्ष तोच निघाला: साखर यकृतात तयार होते, आहारात ती असो वा नसो.

प्रस्थापित मताला धक्का बसल्यावर वाद होणारच होता. 1855 मध्ये लुई फिगिए यांनी आक्षेप घेतला, की यकृत साखर बनवत नाही, जेवणातून आलेली फक्त धरून ठेवते. त्याच वर्षी बेर्नार यांच्या प्रयोगाने याचे उत्तर दिले, आणि त्याला कारण झाली वेळेची टंचाई. यकृतातील साखरेचे मोजमाप ते सहसा एकाच दिवशी दोनदा करत. एकदा दुसरे मोजमाप दुसऱ्या दिवसावर गेले, तर साखर आदल्या दिवसापेक्षा जास्त निघाली. मग त्यांनी मांसावर पोसलेल्या कुत्र्याचे यकृत बाहेर काढले, त्याच्या रक्तवाहिन्यांतून सुमारे 40 मिनिटे थंड पाणी सोडून साखरेचा शेवटचा अंशही धुऊन काढला आणि ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर होती. रक्त नाही, अन्न नाही, प्राणीही जिवंत नाही. तरी साखर तयार झाली. म्हणजे यकृतात असा काही पदार्थ होता, ज्याची साखर बनते. 1857 मध्ये तो पदार्थ त्यांनी वेगळा काढला. तोच ग्लायकोजेन, प्राण्यांच्या शरीरातला जणू स्टार्च.

या शोधाचे महत्त्व आकड्यांतून कळते. प्रौढ माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे 120 ग्रॅम लागते. जेवणे तर दिवसातून दोन-तीनदाच. मधली वेळ आणि सारी रात्र निभावते ती यकृताच्या कोठारावर. त्यात साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन मावते. जेवणानंतर ते भरते, उपवासात रिकामे होऊ लागते आणि सुमारे दिवसभरात संपत येते. पण ते संपण्याची वाट न पाहता यकृत प्रथिनांच्या घटकांपासून आणि स्नायूंतून आलेल्या लॅक्टिक आम्लापासून नवी साखर घडवत राहते. स्नायूंतही ग्लायकोजेन असते, यकृतापेक्षा बरेच जास्त. मात्र ते स्नायूंपुरतेच. रक्ताला साखर पुरवण्याचे काम मुख्यतः यकृताचेच.

या कोठाराची किल्ली कोणाकडे, हे बेर्नार यांना पूर्ण कळले नाही; पण ते त्याच्या अगदी जवळ पोहोचले होते. मेंदूच्या तळाशी एका ठराविक जागी सुई टोचली, की प्राण्याच्या लघवीत काही काळ साखर उतरते, हे त्यांनी 1849 मध्ये दाखवले. त्यांना वाटले, नसा थेट यकृताला हुकूम देत असाव्यात. पुढे विसाव्या शतकात उलगडले, की यात मधला दूत अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक आहे. भीतीने, तापाने किंवा शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर वाढते, त्यामागे अशीच यंत्रणा असते.

दुसरी हुकलेली संधी जास्त चटका लावणारी आहे. स्वादुपिंडाचा त्यांच्याइतका अभ्यास त्या काळी क्वचितच कोणी केला होता. या ग्रंथीची नळी बंद करून तिचा नाश करण्याचे प्रयोगही त्यांनी केले. प्राण्यांना मधुमेह झाला नाही, म्हणून स्वादुपिंडाचा मधुमेहाशी संबंध नसावा, असे त्यांनी धरले. नळी बंद केली, की पाचक रस बनवणारा भाग सुकतो. पण रक्तात संप्रेरके सोडणारी पेशींची लहान बेटे शाबूत राहतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. 1889 मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी संपूर्ण स्वादुपिंड काढले, तेव्हा कुत्र्याला मधुमेह झाला. 1921 मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळवण्यासाठी सुरुवातीला हीच नळी बांधण्याची युक्ती वापरली.

बेर्नार यांच्या कीर्तीला एक काळी बाजूही आहे. भूल देण्याची सोय नुकतीच येऊ लागली होती आणि त्यांचे कित्येक प्रयोग जिवंत प्राण्यांवर, भूल न देता झाले. प्रयोगासाठी पोटात चांदीची नळी बसवलेला एक कुत्रा एकदा पळून थेट आपल्या मालकाकडे गेला आणि मालक निघाला त्या भागाचा पोलीस अधिकारी. बेर्नार यांनी माफी मागितली, नळी काढली, कुत्रा जगला आणि अधिकारी त्यांचा हितचिंतक बनला. घरात मात्र असा समेट झाला नाही. पत्नी आणि दोन्ही मुलींना हे प्रयोग असह्य होते. 1870च्या सुमारास पती-पत्नी कायदेशीर विभक्त झाले आणि मायलेकी प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणाऱ्या चळवळीत उतरल्या. ज्या शोधांनी पुढे असंख्य मधुमेहींच्या उपचारांचा पाया घातला, ते कोणाच्या वेदनांवर उभे होते, हा प्रश्न त्या घरात शेवटपर्यंत सुटला नाही.

मान-सन्मान मात्र येत गेले: विज्ञान अकादमीचे सदस्यत्व, माझांदींची खुर्ची, पुढे सिनेटचे सदस्यपदही. 1860 नंतर पोटाच्या दुखण्याने प्रयोगशाळा वारंवार सुटू लागली. ते सँ-झुलियँला द्राक्षमळ्यांत जाऊन राहत. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी प्रायोगिक वैद्यकावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. तो 1865 मध्ये निघाला. बाहेर ऊन असो वा थंडी, पोट भरलेले असो वा रिकामे, पेशींभोवतीचे आतले पर्यावरण शरीर स्थिर राखते, हा त्यांचा सर्वांत मोठा विचार. यकृतातील साखर हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. 10 फेब्रुवारी 1878 रोजी त्यांचे निधन झाले. फ्रान्सने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला. त्या देशात वैज्ञानिकाला तो मान प्रथमच मिळाला.

आता किल्ल्या सापडल्या आहेत. जेवणानंतर इन्सुलिन यकृताला साखर साठवायला सांगते आणि नवी बनवणे थांबवते. उपवासात ग्लुकॅगॉन हे संप्रेरक उलट आदेश देते. मधुमेहात इन्सुलिन कमी पडते किंवा यकृत त्याला दाद देत नाही. मग रात्रभर गरज नसतानाही साखर रक्तात उतरत राहते आणि सकाळचा आकडा वाढलेला दिसतो. म्हणूनच रात्रीचे जेवण टाळणे हा त्यावरचा हमखास उपाय नव्हे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी असे परस्पर केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिन ही सर्वाधिक वापरली जाणारी गोळी मुख्यतः यकृताच्या या साखरनिर्मितीलाच लगाम घालते.

साखर फार उतरून रुग्ण बेशुद्ध पडला, तर ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन यकृताचे कोठार उघडते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत शुद्ध येऊ लागते. पण दीर्घ उपासमारीमुळे किंवा रिकाम्यापोटी घेतलेल्या भरपूर दारूमुळे हे कोठार रिकामे झाले असेल, तर तेच इंजेक्शन फारसे काम करत नाही. अशा वेळी ग्लुकोज शिरेतूनच द्यावे लागते.